साथीच्या काळात हॉटेल-रेस्टॉरंटांना खरी मदत कशाची झाली?

पाहुणचार
नमस्कार मंडळी. मी पंधरा वर्षं हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. आमच्या भागातल्या लहान-मध्यम हॉटेलवाल्यांनी आणि खाणावळवाल्यांनी मिळून एक टिपण करायचं ठरवलंय. कोविडसारखी साथ पुन्हा आली तर पहिल्या आठवड्यात काय करायचं, कुणाकडे काय मागायचं, गिऱ्हाइकांना काय सांगायचं, असं सगळं त्यात हवंय. लिहायचं काम माझ्याकडे आलंय, म्हणून हा धागा.

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं. त्यानंतरचे दहा दिवस माझं काम एकच होतं, बुकिंग रद्द करणं. एका आजींनी तीन खोल्या घेतल्या होत्या, परदेशातली नातवंडं पहिल्यांदाच एकत्र जमणार होती. त्या फोनवर रडत होत्या, आणि पैसे परत कसे मिळतील हे न विचारता "तुमच्या पगाराचं काय होईल गं?" असं मलाच विचारत होत्या. ते मी आजही विसरलेले नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. आमच्या धंद्यातला माल साठवता येत नाही. कापडाच्या दुकानातला तागा चार महिन्यांनी विकला जाईल, पण आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. ती रात्र गेली ती गेली. त्यामुळे "कर्ज घ्या, नंतर फेडा" ही मदत आम्हाला पुरत नाही. बुडालेलं उत्पन्न परत येणारच नसेल तर हप्ते भरायचे कशातून?

काम करणारे, मालक, गिऱ्हाईक, सगळ्यांनी अनुभव लिहा. मतभेद असतील तर तेही लिहा.

हिशेबनीस
ताई, धागा महत्त्वाचा आहे. आधी आकडे देतो, म्हणजे केवढं कोसळलं ते कळेल. २०१९ मध्ये जगभरात परदेशी पर्यटकांची ये-जा सुमारे १४६ कोटी होती. २०२० मध्ये ती ४० कोटींच्या आसपास आली. जागतिक प्रवास आणि पर्यटन परिषदेच्या हिशेबाने याच एका वर्षात या क्षेत्रातले ६.२ कोटी रोजगार गेले, ३३.४ कोटींवरून २७.२ कोटींवर.

मी हॉटेलांचे हिशेब लिहितो. बाहेरच्या माणसाला वाटतं, गिऱ्हाईक नाही तर खर्चही नाही. पण भाडं, कर्जाचे हप्ते, विजेचा ठरलेला आकार, विमा, परवान्यांची फी, लिफ्टचा देखभाल करार, यातलं काहीच थांबत नाही. वाचतो तो फक्त कच्चा माल आणि थोडी वीज.

कर्जाबद्दल मात्र मी पूर्ण सहमत नाही. पहिलं वर्ष हप्ता नसेल आणि हमी सरकारची असेल, तर कर्जाने श्वास घ्यायला वेळ मिळतो. माझ्या तीन अशिलांना त्यानेच तारलं. पण मदत म्हणून फक्त कर्जच असेल तर तुमचं म्हणणं बरोबर आहे.

रात्रपाळी
मी बंद हॉटेल सांभाळलंय. साडेचार महिने, ४२ खोल्या, आम्ही दोघंच. बंद म्हणजे कुलूप लावून घरी जायचं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी लिहितो.

दर सोमवारी आणि गुरुवारी प्रत्येक खोलीत जायचं. आधी गरम पाण्याचा नळ पाच मिनिटं, मग थंड पाण्याचा, मग शॉवर. शॉवर सोडताना त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधायची, म्हणजे तुषार उडत नाहीत. साचलेल्या कोमट पाण्यात, २० ते ४५ अंशांच्या मधे, लेजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि तुषारांतून फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन होतं, तिथे हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला, नावही त्या सैनिकांच्या संघटनेवरूनच पडलं. हे मला आमच्या मेंटेनन्सच्या काकांनी सांगितलं होतं, म्हणून आम्ही एकही फेरी चुकवली नाही.

मग फ्लश. बेसिनखालच्या पाइपाला जो वाक असतो, त्यातलं पाणी सुकलं की गटाराचा वास थेट खोलीत येतो. गाद्या उभ्या करून भिंतीला टेकवायच्या, कपाटांची दारं उघडी ठेवायची, एसी आळीपाळीने अर्धा तास चालवायचा. फ्रिजच्या दाराचं रबर पुसायचं, नाहीतर काळी बुरशी धरते. एक फेरी पूर्ण व्हायला सहा तास लागायचे. ४२ वेळा दार उघडायचं, ४२ वेळा बंद करायचं, आणि आत कुणीही नाही.

पाहुणचारताई, टिपणात हे नक्की घ्या. बंद हॉटेलला माणूस लागतो आणि त्या माणसाला पगार लागतो.

भटकभवानी
रात्रपाळीदादा, वाचताना अंगावर काटा आला. नळांचं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मुदपाकखाना
मी शेफ. बंदचा आदेश आला त्या संध्याकाळी आमची कोल्ड रूम भरलेली होती, दुसऱ्या दिवशी दीडशे पानांचं जेवण होतं. रात्री अकराला मालकांनी सगळ्या स्टाफला ओट्यापाशी बोलावलं आणि म्हणाले, "दूध, भाज्या, अंडी, जे टिकणार नाही ते घरी न्या." कुणी पुढेच येईना. वाटून घेतलं म्हणजे खरंच बंद झालं, असं सगळ्यांना वाटत होतं. शेवटी भांडी घासणाऱ्या मावशींनी पहिली पिशवी भरली, मग बाकीचे हलले.

दोन गोष्टी सांगतो, त्या बाहेर फारशा कळत नाहीत. पहिली टिपची. वाढणाऱ्या माणसाच्या कमाईत टिपचा वाटा मोठा असतो. मदत मात्र मूळ पगारावर मोजतात. ब्रिटनच्या फर्लो योजनेत, म्हणजे काम नसताना घरी बसवलेल्या पण नोकरीवर ठेवलेल्यांसाठी, पगाराचे ८० टक्के सरकार देत होतं, पण गिऱ्हाइकाने स्वखुशीने दिलेली टिप त्यात धरत नव्हते. म्हणजे कागदावर ८० टक्के आणि घरात त्याहून बरंच कमी.

दुसरी गोष्ट राहण्याची. आमच्यातली निम्मी पोरं स्टाफ क्वार्टरमध्ये राहायची आणि हॉटेलातच जेवायची. काम बंद झालं की पगार, छप्पर आणि ताट, तिन्ही एकदम जातं.

सरळरेषा
सगळ्यांबद्दल आदर ठेवून विचारतो. याच उद्योगाला वेगळी मदत का? नाटकवाले, टॅक्सीवाले, छोटे दुकानदार, सगळेच बुडाले. मदतीचा पैसा करातून येतो, म्हणजे माझ्याही खिशातून. शिवाय रेस्टॉरंटं एरवीही बंद पडतच असतात. जी मुळातच डगमगत होती, ती साथीच्या नावाखाली तगवायची का?

हिशेबनीस
@सरळरेषा, प्रश्न रास्त आहे. दोन उत्तरं.

एक, ही दुकानं स्वतःच्या चुकीने बंद झाली नव्हती. लोकांच्या आरोग्यासाठी सगळ्यांच्या वतीने त्यांना दार लावायला सांगितलं होतं. फायदा सगळ्यांचा असेल तर खर्चही थोडाथोडा सगळ्यांनी उचलावा.

दोन, चांगली योजना दुकान वाचवत नाही, नोकरी वाचवते. जर्मनीत कुर्झआर्बाइट नावाची जुनी पद्धत आहे. मालक कामाचे तास कमी करतो, माणसाला काढत नाही, आणि बुडालेल्या निव्वळ पगाराचे ६० टक्के सरकार देतं, मुलं असतील तर ६७. कोविडमध्ये हे प्रमाण सातव्या महिन्यापासून ८० आणि ८७ टक्क्यांपर्यंत नेलं. यंत्रणा आधीपासून तयार होती, म्हणून पैसे लवकर पोचले. हाच धडा मला सगळ्यात मोठा वाटतो. साथ आल्यावर योजना आखायला बसलं तर उशीर झालेला असतो.

मुदपाकखाना
सरळरेषा, माझ्याकडे एक मुलगा होता. सात वर्षं शिकवला. नुसत्या वासावरून सांगायचा की तेल आता बदलायला हवं. तिसऱ्या महिन्यात त्याने गोदामात नोकरी धरली. ठरलेले तास, रविवारी सुट्टी. आम्ही उघडलो तेव्हा मी फोन केला. "शेफ, आता बायको-मुलांबरोबर रात्रीचं जेवतो, परत नको बोलावू," म्हणाला. मी काय बोलणार? त्याचं बरोबरच होतं.

उघडल्यावर आमच्याकडे टेबलं होती, गिऱ्हाईक होतं, हात नव्हते. सहा महिने अर्धी टेबलं रिकामी ठेवावी लागली. अशी माणसं जाहिरात देऊन मिळत नाहीत. त्यांना वाईट काळात धरून ठेवावं लागतं, आणि चांगल्या काळात बरं वागवावं लागतं, हेही मी शिकलो.

परिचारिका
मी कोविड वॉर्डात होते. घरी सासरे आजारी, त्यामुळे दोन महिने आम्हा नर्सना एका हॉटेलात ठेवलं होतं. पाळी संपवून पहाटे दोनला पोचायचे तर दाराबाहेर स्टुलावर गरम पाण्याचा थर्मास असायचा. कुणी ठेवला ते कधी दिसलं नाही, संसर्ग नको म्हणून ठेवून निघून जायचे. एकदा थर्मासखाली चिठ्ठी होती, "ताई, आज जेवण तसंच परत आलं. बरं नाही का?" त्या दिवशी वॉर्डात तीन मृत्यू झाले होते, जेवण गेलंच नव्हतं. चिठ्ठी अजून पर्समध्ये आहे.

रिकाम्या खोल्यांचा असा उपयोग अनेक ठिकाणी झाला. कॅलिफोर्नियात एप्रिल २०२० मध्ये प्रोजेक्ट रूमकी सुरू करून बेघर लोकांना हॉटेलांत ठेवलं. सरकारने खोल्या घ्यायच्या, हॉटेलला ठरलेलं भाडं मिळायचं, आणि आजाऱ्याला किंवा बेघराला दार बंद करता येईल अशी जागा. पाहुणचारताई, असे करार आधीच करून ठेवता येतील का ते बघा.

पाहुणचार
परिचारिकाताई, तुमची चिठ्ठी मी बैठकीत वाचून दाखवू का? नाव न घेता.

परिचारिका
जरूर.

हवापाणी
माझं काम वातानुकूलनाचं. मला राग येतो तो चुकीच्या जागी झालेल्या खर्चाचा. कितीतरी हॉटेलांनी शेवटचे पैसे फवारण्यांवर आणि दिवसातून दहा वेळा टेबलं पुसण्यावर घातले. जंतू हवेत होते.

जानेवारी २०२० मधलं ग्वांगझूच्या रेस्टॉरंटचं उदाहरण आता सगळ्यांना माहीत असायला हवं. बिनखिडक्यांची जागा, शेजारशेजारच्या तीन टेबलांवर तीन कुटुंबं, एसीचा झोत त्याच तीन टेबलांवरून फिरणारा. एका बाधितापासून सुरू होऊन तिन्ही कुटुंबांत मिळून १० जण बाधित निघाले. वाढणाऱ्यांपैकी कुणालाच लागण झाली नाही. हवा कुठून कुठे वाहते यावर सगळं ठरलं. त्याआधी २००३ मध्ये सार्सच्या वेळी हाँगकाँगच्या एका हॉटेलात नवव्या मजल्यावर राहिलेल्या एका पाहुण्यापासून आजार कॅनडा, व्हिएतनाम, सिंगापूरपर्यंत पोचला होता. म्हणजे इशारा सतरा वर्षं आधी मिळालेला होता.

टिपणात लिहा: खिडक्या उघडतात का ते आत्ताच तपासा, बाहेरची ताजी हवा किती येते ते मोजून घ्या, कार्बन डायऑक्साइड दाखवणारं छोटं यंत्र भिंतीवर लावा. आकडा चढला की हवा कोंडली, एवढं साधं आहे.

भटकभवानी
आणि बाहेरची जागा? लिथुएनियाच्या विल्नियसमध्ये एप्रिल २०२० मध्ये महापौरांनी शहरातले चौक कॅफेवाल्यांना टेबलं मांडायला फुकट दिले होते. न्यूयॉर्कनेही जूनमध्ये पदपथ आणि रस्त्याची कड उघडली. नगरपालिकेला यात फारसा खर्च नाही, परवानगीच तर द्यायची असते.

हवापाणी
अगदी. फक्त चारही बाजूंनी प्लॅस्टिक लावून बंद केलेला मंडप म्हणजे "बाहेर" नव्हे.

सरळरेषा
नोकरी वाचवण्याचा मुद्दा पटला, तेवढं मत बदललं. पण सवलतीच्या योजना? ऑगस्ट २०२० मध्ये ब्रिटनने सोमवार ते बुधवार बाहेर जेवणाऱ्यांचं निम्मं बिल ठरावीक मर्यादेपर्यंत स्वतः भरलं. १६ कोटींहून जास्त जेवणं झाली. मग वॉरविक विद्यापीठातल्या एका अभ्यासात निष्कर्ष निघाला की संसर्गाचे नवे पुंजके वाढायला त्याचा हातभार लागला. जपाननेही जुलैमध्ये प्रवासावर सवलत दिली आणि डिसेंबरअखेर देशभर थांबवली. साथ चालू असताना लोकांना घराबाहेर ओढण्यासाठी पैसे देणं मला साफ चूक वाटतं.

हिशेबनीस
त्या अभ्यासावर वादही झाले, पण तुमच्या मूळ मुद्द्याशी सहमत. गिऱ्हाइकाला ओढण्यापेक्षा दुकानाचा भार कमी करावा. जर्मनीने रेस्टॉरंटमधल्या खाण्यावरचा व्हॅट जुलै २०२० पासून १९ वरून ५ टक्के केला, २०२१ मध्ये तो ७ झाला. ब्रिटनने जुलै २०२० मध्येच २० वरून ५ केला. यात कुणाला गर्दीत बोलवावं लागत नाही. अर्थात विक्रीच शून्य असेल तर कर कमी करून काही मिळत नाही, हेही खरं.

भटकभवानी
आता माझ्यासारख्या गिऱ्हाइकांचं. तेव्हा सगळीकडे आवाहन होतं, आगाऊ व्हाउचर घ्या, नंतर वापरा. मी एका छोट्या लॉजचं घेतलं. ते लॉज पुन्हा उघडलंच नाही, फोनही लागेना. पैशांचं दुःख नाही, पण पुन्हा घेताना हात आखडतो. असं व्हायला नको होतं.

हिशेबनीस
व्हाउचर म्हणजे गिऱ्हाइकाने दिलेलं बिनव्याजी कर्ज. आणि दुसरी बाजू मालकाची: पैसे टाळेबंदीत खर्च झाले, उघडल्यावर त्याच पाहुण्याला नव्या खर्चाने सेवा द्यायची. पहिल्या महिन्यात सगळे व्हाउचरवालेच आले तर गल्ला रिकामा. युरोपीय आयोगाने मे २०२० मध्ये सांगितलं होतं की प्रवाशाचा परताव्याचा हक्क कायम ठेवा, व्हाउचर त्याला पटलं तरच द्या, आणि दिवाळखोरीपासून त्याला संरक्षण असू द्या. पहिल्या दोन अटी मालकांनी पाळाव्यात, तिसरीची सोय सरकारने करावी.

पाहुणचार
भटकभवानी, वाईट वाटलं. आम्ही रद्द करण्याऐवजी "तारीख पुढे ढकलू का?" असं विचारायचो. पैसे हवेत म्हणणाऱ्याला लगेच परत, वाद नाही. मला वाटलं होतं सगळे परतच मागतील, पण ज्यांच्याशी आधीपासून बोलणं होतं त्यांतले बरेच जण थांबले. सुरुवातीला लिहिलेल्या त्या आजी दीड वर्षाने आल्या. तीन खोल्या, सगळी नातवंडं.

शेफची_लेक
अवांतर लिहिते, रागावू नका. माझे बाबाही शेफ. टाळेबंदीत पहिल्यांदाच महिनाभर घरी. आम्ही चार माणसं आणि त्यांच्या हाताचं माप शंभराचं! तीन दिवस अख्खी इमारत आमच्याकडचं जेवत होती. चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकू स्वतः डबा घेऊन आल्या नि म्हणाल्या, "उद्याचा मेनू काय?" बाबा इतके खूश झाले! त्याआधी पंधरा दिवस ते नुसते खिडकीशी बसून असायचे.

मुदपाकखाना
लेकी, बाबांना नमस्कार सांग. शंभराचा हात चारावर येत नाही गं लवकर.

विमेकरी
विम्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. व्यवसाय खंडित झाल्याची भरपाई देणारी पॉलिसी अनेकांकडे होती. पण बऱ्याच पॉलिसींत भरपाई इमारतीचं नुकसान झालं तरच मिळते, आग किंवा पूर. साथीत भिंतीला तडाही जात नाही. ब्रिटनमध्ये प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १५ जानेवारी २०२१ ला निकाल बऱ्याच अंशी विमाधारकांच्या बाजूने लागला, कारण काही पॉलिसींत संसर्गजन्य आजाराचं कलम होतं. अमेरिकेत बहुतेक न्यायालयांनी विमा कंपन्यांची बाजू उचलून धरली. फरक शब्दांचा असतो. प्रत्येक सभासदाने आपली पॉलिसी काढून आजाराबद्दल काय लिहिलंय ते आज वाचावं.

वाढपी
मी इथे फक्त वाचतो, पहिल्यांदाच लिहितोय. चूकभूल माफ करा.

मी बँक्वेटला वाढायचो. आता माणसं पुरवतो. आम्ही कुठल्याच पगारपत्रकात नसतो. कार्यक्रम असेल त्या दिवशी फोन येतो, काळी पँट-पांढरा शर्ट घालून जायचं, रात्री रोख घेऊन निघायचं. वरती फर्लो, जर्मनी सगळं वाचलं. चांगलंच आहे. पण ते पगारपत्रकावर नाव असलेल्यांसाठी. आमचं नाव कुठेच नव्हतं. दहा वर्षं एकाच हॉटेलात वाढलं आणि मदतीचा अर्ज भरताना "कामाचं ठिकाण" या रकान्यात काय लिहायचं ते कळेना. हॉटेलवाले म्हणाले, तुम्ही आमचे नाही. कंत्राटदार म्हणाला, मी फक्त फोन करतो.

दोन जणांनी गावी जाऊन पुन्हा तोंड दाखवलं नाही. एकाने बायकोचे दागिने विकून भाडं भरलं. मी भाजी विकली. माझी तक्रार नाही कुणाबद्दल. फक्त टिपणात आमचंही नाव घ्या.

सरळरेषा
वाढपीदादा, बरं झालं लिहिलंत. वरच्या चर्चेत तुम्ही सुटला होतात, माझ्याकडूनसुद्धा.

हिशेबनीस
दादा, तुम्ही नेमकं दुखणं सांगितलंत. आणि पगारपत्रकावर असलेल्यांचंही सगळं सुरळीत नव्हतं. अमेरिकेने मे २०२१ मध्ये रेस्टॉरंटांसाठी २८.६ अब्ज डॉलरचा निधी उघडला. पावणेतीन लाखांहून जास्त अर्ज आले, पैसे एक लाखाच्या आसपास जणांना पुरले, बाकीच्यांना पात्र असूनही काही नाही. अर्ज कोण आधी भरतो यावर बरंच ठरतं. ज्याच्याकडे माझ्यासारखा हिशेबनीस असतो तो पुढे जातो.

घरपोच मागवणाऱ्यांसाठीही एक. अॅपवाल्यांचं कमिशन काही ठिकाणी ३० टक्क्यांपर्यंत असायचं. सॅन फ्रान्सिस्कोने एप्रिल २०२० मध्ये त्यावर १५ टक्क्यांची मर्यादा घातली. तुमच्या भागात मर्यादा नसेल तर थेट फोन करून मागवा आणि स्वतः जाऊन घेऊन या.

पाहुणचार
काल रात्री धागा सगळा पुन्हा वाचला. मी सुरुवातीला कर्ज की अनुदान एवढाच प्रश्न घेऊन आले होते. पण माझ्याच हॉटेलात दर शनिवारी वाढायला येणाऱ्या माणसांची आडनावं मला माहीत नाहीत, हे वाढपीदादांचं वाचल्यावर लक्षात आलं आणि झोप लागली नाही.

म्हणून टिपणाचं पहिलं पान बदललं. सरकारकडे मागण्या दुसऱ्या पानावर. पहिल्या पानावर आम्ही स्वतः करायचं काम: रोजंदारीवर येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, कामाचे दिवस आणि मिळालेले पैसे नोंदवायचे, आणि दर सहा महिन्यांनी त्याला सहीशिक्क्याचं पत्र द्यायचं. उद्या मदत आली तर त्याच्या हातात कागद असेल. बैठकीत दोन मालक कुरकुरले, नोंद झाली की जबाबदारी येईल म्हणाले. तिथे मी रात्रपाळीदादांचे ४२ नळ आणि परिचारिकाताईंची चिठ्ठी वाचून दाखवली. एक तयार झाले. दुसऱ्यांनी विचार करायला आठवडा मागितलाय.

वाढपीदादा, सुरुवात कुठून करू? यादी आहे का तुमच्याकडे?

वाढपी
आहे ताई. वहीत ४६ नावं आहेत, फोन नंबरसकट. पाच-सहा नंबर आता लागत नाहीत, पण नावं खोडली नाहीत. सोमवारी दुपारी घेऊन येतो. मागच्या दाराने येऊ की पुढच्या?

पाहुणचार
पुढच्या. रिसेप्शनला मीच असते.